डिमेन्शियातली घालमेल तुम्ही कशी ओळखता? अनुभव सांगा

पूर्वभागकर
आज सोलापुरात अशोक चौकात विड्यांचा माल द्यायला निघालेल्या बायका दिसल्या आणि सासूबाई आठवल्या. डिमेन्शिया झाल्यावर दुपार कलली की रिकामं सूप मांडीवर घ्यायच्या. बोटं विडी वळल्यासारखी चालायची, श्वास भरभर, डोळे दाराकडे. "भीती वाटतेय का?" विचारलं की "नाही". शेजारीपाजारी हट्टीपणा म्हणायचे. डॉक्टरांनी मात्र मला वेगळं बसवून मागच्या दोन आठवड्यांचं विचारलं. कशाची काळजी करतात, दचकतात का, थरथर, धडधड, घाम? मग नणंदेनं त्यांना तेलुगूत विचारलं. विड्या कमी भरतील, कारखान्यात बाद करतील, हीच धास्ती! तुमच्याकडे?

रात्रपाळी
डॉक्टरांचे ते प्रश्न 'रेड' (RAID) मोजपट्टीतले, डिमेन्शियातली चिंता मोजायची, १९९९ची. वॉर्डात वापरतो. १८ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज ११ किंवा जास्त झाली तर चिंता लक्षणीय धरतात. रुग्ण आणि सांभाळणारा, दोघांनाही विचारायचं. पण झोप उडणं, चिडचिड ही मूळ आजारातही असते, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. बेल वाजली, येते.

सातरस्ता
मामा रात्रभर येरझारा घालायचे. लघवीचं इन्फेक्शन निघालं. औषधानं चार दिवसांत शांत. आधी दुखणं, बद्धकोष्ठ, लघवी बघाच!!

भाकरतुकडा
आमच्या बाबांना गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे स्पीकर सुरू झाले की घाम फुटायचा. कानाचं मशीन काढलं की बरं. यंदा जत्रेत कोण कोण होतं? नंदीध्वज कुठून बघितले?

सातरस्ता
होम मैदानावर. फार गर्दी.

लेक_माहेरची
पूर्वभागकर, वाचून रडू आलं. आई पदराची गाठ सारखी सोडते-बांधते. विचारलं तर हसते. डॉक्टरांकडे जाताना काय सांगू?

पूर्वभागकर
ताई, गाठ किती वाजता सुरू होते, त्याआधी काय घडलं, कशानं थांबते, एवढं वहीत लिहून न्या. जमलं तर मोबाईलवर शूटिंग. दवाखान्यात त्या हसतीलच. आणि तुमचं बोलणं त्यांच्यासमोर नको, त्यांना लागतं.

साखरपेठ
विषय थोडा वेगळा. तेलुगू बोलणारी मावशी दिवसभरासाठी मिळेल का? आजी मराठी विसरत चाललीय, आत्ताची मावशी बोलली की बावरते.

भाकरतुकडा
आमच्या गल्लीत एक आहेत, प्रेमळ बाई. विचारून संध्याकाळी कळवतो.