डिस्नेच्या हॉटेलात राहण्यात आता काय उरलंय?

रानवाट:
भाऊ-वहिनी मुलांना घेऊन नाशिकहून येतायत, फ्लोरिडातल्या ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायचा बेत ठरतोय. घरात वाद एकच: डिस्नेच्या आवारातल्या हॉटेलात राहायचं की बाहेर. माझं मत बाहेर. आवारातल्या मुक्कामाला आपण जे जास्तीचे पैसे मोजायचो, त्यांच्या मोबदल्यातल्या सोयी एकेक करून काढून घेतल्या गेल्या आहेत.

2005 पासून विमानतळावरून हॉटेलपर्यंत फुकट बस होती आणि बॅगा परस्पर खोलीत पोहोचायच्या. जानेवारी 2022 मध्ये ती बंद झाली. खोलीची किल्ली आणि पार्कचं तिकीट म्हणून चालणारा हातातला मॅजिकबँड फुकट मिळायचा, तो 2021 पासून विकत. रात्री पार्क बंद झाल्यावरचे जादा तास पूर्वी हॉटेलात राहणाऱ्या सगळ्यांना मिळायचे. आता ते फक्त सर्वांत महागड्या गटातल्या हॉटेलांना, तेही ठरावीक रात्री. आणि रांग टाळायचा फास्टपास! तो 1999 पासून सगळ्यांनाच फुकट होता. पुढे आगाऊ बुकिंग सुरू झालं तेव्हा हॉटेलवाल्यांना 60 दिवस आधी करता यायचं, बाहेरच्यांना 30 दिवस आधी. आज त्याच सोयीचे वेगळे पैसे पडतात. हॉटेलात राहणाऱ्यांना ती 7 दिवस आधी विकत घेता येते, बाहेरच्यांना 3 दिवस. म्हणजे जास्त भाडं भरून आपण काय मिळवलं, तर पैसे आधी भरायची मुभा.

हॉटेल हा मुळात पार्कचाच भाग असावा, ही डिस्नेचीच कल्पना होती. 1955 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमचं डिस्नेलँड उभं करताना हॉटेल बांधायला पैसे उरले नव्हते, म्हणून ते जॅक रॅदर या टीव्ही निर्मात्याने बांधलं. कंपनीच्या ताब्यात ते आलं 1988 मध्ये. दरम्यान पार्कच्या फाटकाबाहेर मोटेलांची रांग लागली आणि पर्यटकांचा पैसा तिकडे गेला. हे पुन्हा होऊ नये म्हणून फ्लोरिडात 27 हजार एकरांच्या वर जमीन घेतली. एवढी जमीन हाताशी असताना पाहुण्याला आणखी किती पिळायचं?

मीनल_टँपा:
रानवाट, यादी बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. 1971 मध्ये फ्लोरिडात डिस्नेची दोनच हॉटेलं उघडली, कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन, शिवाय तंबू ठोकायचं मैदान. मधल्या उत्पन्नाच्या कुटुंबासाठी पहिलं हॉटेल आलं 1988 मध्ये, कॅरिबियन बीच. त्याहून स्वस्त ऑल-स्टार 1994 मध्ये. आपल्यासारखे लोक आवारात राहू लागले ते या दोन टप्प्यांमुळे. ही सोय तुमच्या यादीत कुठेच नाही.

सकाळी अर्धा तास आधी प्रवेश आजही सगळ्या हॉटेलांना आहे, अगदी ऑल-स्टारलासुद्धा. 2018 मध्ये पाहुण्यांवर लादलेलं पार्किंगचं शुल्क जानेवारी 2023 मध्ये रद्दही झालं. 2019 पासून पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन आणि कॅरिबियन बीच या हॉटेलांहून रोपवेचा पाळणा एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांना जातो, फुकट. माझे सासू-सासरे सत्तरीचे. दुपारी बारानंतरचं फ्लोरिडाचं ऊन त्यांना सोसत नाही. त्यांना पाळण्यात बसवून खोलीवर आणायचं, तासभर आडवं होऊ द्यायचं आणि संध्याकाळी पुन्हा न्यायचं, हे बाहेरून गाडी काढून, पार्किंगपासून चालत करून दाखवा.

कढीलिंब:
दोघांचंही ऐकलं, पण जेवणाचं काय? चार दिवस पिझ्झा आणि फ्राइजवर आमच्या घरातलं कोणी राहत नाही. डिस्नेजवळच्या किसिमी गावात स्वयंपाकघरासकट अख्खं घर भाड्याने मिळतं. सकाळी पोहे, रात्री कुकर लावून वरण-भात. दोन कुटुंबांत भाडं विभागलं की विषय संपला.

दगडीजिना:
मी वास्तुरचनेच्या अंगाने बोलतो, कारण इथे सगळे फक्त सवलती मोजतायत.

कंटेम्पररीच्या खोल्या जवळच उभारलेल्या कारखान्यात तयार झाल्या. बाथरूम, वायरिंग सगळं आत बसवून एकेक खोली ट्रकने आणली आणि क्रेनने उचलून पोलादी सांगाड्यात बसवली. काम यूएस स्टीलचं. इंग्रजी ए अक्षरासारख्या त्या इमारतीच्या पोटातून मोनोरेल जाते. मधल्या उंच दालनात डिस्नेची चित्रकार मेरी ब्लेअर हिचं 90 फुटी टाइल्सचं भित्तिचित्र आहे. त्यात एक बकरी पाच पायांची आहे, मोनोरेलच्या बाजूने दिसते. मुलांना ती शोधायला लावा, डोकं वर करून उभी राहतात.

मुद्दा असा की हे बघायला तिथे झोपावं लागत नाही. मॅजिक किंगडम या मुख्य पार्कहून दहा-पंधरा मिनिटं चाला, पोहोचलात. अ‍ॅनिमल किंगडम लॉज (2001) बघायलाही तिथे राहावं लागत नाही. तिथल्या सना रेस्टॉरंटात जागा राखून ठेवा. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात आणि ताटात नान आणि चटण्या येतात. कढीलिंबांच्या घरच्यांनाही चालेल. हॉटेलातली खरी श्रीमंती सगळ्यांना खुली आहे. महाग आहे तो पलंग.

रानवाट:
दगडीजिना, हे फार आवडलं, पण त्याने माझाच मुद्दा बळकट होतो. मीनलताई, स्वस्त हॉटेलांचं मान्य. तरी दिशा बघा. 2022 मध्ये स्टार वॉर्सवर बेतलेलं गॅलॅक्टिक स्टारक्रूझर हे हॉटेल उघडलं. 100 खोल्या, खिडकीच्या जागी अंतराळ दाखवणारे पडदे, दोघांना दोन रात्रींचे जवळपास 4,800 डॉलर. सप्टेंबर 2023 मध्ये बंद झालं. कलाकारांनी आणि तंत्रज्ञांनी जीव ओतून केलेलं काम होतं ते. ते दीड वर्षात गेलं याचं मला वाईट वाटतं आणि किंमत ठरवणाऱ्यांचा राग येतो. ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सल या प्रतिस्पर्ध्याकडे पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या हॉटेलांच्या भाड्यात त्यांच्या दोन जुन्या पार्कांचा रांग टाळायचा पास धरलेला असतो. भाडं भरपूर आहे, पण बदल्यात काहीतरी ठोस हातात पडतं.

मीनल_टँपा:
युनिव्हर्सलचंही पूर्ण सांगा ना. 2025 मध्ये त्यांचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क उघडलं. त्याला लागून असलेल्या हेलिओस हॉटेलला पार्कचं स्वतंत्र दार आहे, पण तो पास भाड्यात नाही. नव्या हॉटेलांत तेही हात आखडतायत. रोख फक्त डिस्नेकडे कशाला?

आणि भावाच्या मुलांची वयं तुम्ही अजून सांगितलेली नाहीत. चार-पाच वर्षांची असतील तर दुपारच्या झोपेसाठी आवारातच राहा, पॉप सेंच्युरी घ्या. कॉलेजातली असतील तर कढीलिंबांचं किसिमीचं घर बरं. ती दिवसभर पार्कातून बाहेर पडणारच नाहीत.