मदत हवी आहे: उद्योजकांच्या संघटनेच्या कामाचा सभासदांना झालेला उपयोग कसा मोजावा?

नमस्कार.

भोसरी औद्योगिक क्षेत्रातील लघुउद्योजकांच्या एका संघटनेच्या कार्यकारिणीवर मी काम करतो. आमचे बहुतेक सभासद वाहन उद्योगाच्या पुरवठादारांसाठी जॉब वर्क, म्हणजे त्यांनी दिलेले काम मजुरीवर, करणारे आहेत. कोणाकडे सीएनसी आणि व्हीएमसी ही संगणकनियंत्रित मशीन आहेत, कोणाचे पावडर कोटिंगचे काम आहे, कोणी फिक्श्चर (यंत्रावर भाग पक्का धरून ठेवणारी साधने) बनवतात. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नेहमीच्या अहवालासोबत, संघटनेमुळे सभासदांच्या धंद्यात नेमका काय फरक पडला हे आकड्यांनिशी मांडायचे, असे कार्यकारिणीने ठरवले असून त्याची आखणी माझ्याकडे आली आहे. व्यापारी मंडळ, चेंबर किंवा एखाद्या व्यावसायिक संघटनेत ज्यांनी असे काम केले आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

सध्या आमच्या अहवालात चर्चासत्रे किती झाली, निवेदने किती दिली आणि नवे सभासद किती झाले, एवढेच असते. हा केलेल्या कामाचा हिशेब झाला. त्यातून काय साधले ते त्यात दिसत नाही. ज्याच्या कारखान्यात प्रत्येक भाग गेज लावून पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही, त्या सभासदाने आपल्या वर्गणीबाबतही तसाच काटेकोरपणा मागितला, तर ती मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.

पहिला विचार वर्गणीच्या नूतनीकरणाचा आला. वर्षाच्या सुरुवातीला ज्यांचे नूतनीकरण देय होते, त्यांपैकी किती जणांनी ते केले, एवढेच प्रमाण काढावे आणि नव्या सभासदांना त्यात मिसळू नये, कारण सभासद-मोहिमेच्या वर्षी एकूण संख्या वाढते आणि गळती त्याआड झाकली जाते. शिवाय कारखाना बंद झाल्याने किंवा चाकणला हलवल्याने गेलेले सभासद आणि उपयोग वाटत नाही म्हणून गेलेले सभासद यांची नोंद वेगळी हवी. जुने सभासद बऱ्याचदा स्नेहापोटी वर्गणी भरत राहतात. त्यामुळे पहिले वर्ष संपल्यावर दुसऱ्यांदा वर्गणी भरणाऱ्यांचे प्रमाण हे अधिक खरे माप आहे, असे माझे मत आहे.

विजेसाठी केलेल्या पाठपुराव्याचा परिणाम मोजण्याचा मार्ग त्यामानाने सोपा दिसतो. पुरवठ्याची विश्वासार्हता मोजण्यासाठी वीज कंपन्या सैफी आणि सैडी हे निर्देशांक वापरतात. ठरावीक काळात एका ग्राहकाचा पुरवठा सरासरी किती वेळा खंडित झाला, हे पहिल्यातून कळते आणि एकूण किती वेळ खंडित राहिला, हे दुसऱ्यातून. प्रत्येक फीडरवरील (एका भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवरील) दोन-तीन सभासदांनी वीज गेल्याची आणि आल्याची वेळ लिहून ठेवली, तर असेच कोष्टक आम्हालाही करता येईल. मात्र ज्या फीडरसाठी पाठपुरावा केला, त्याची तुलना त्याच पावसाळ्यातील शेजारच्या फीडरशी करावी लागेल. नाहीतर पाऊस कमी झाल्याचे श्रेय संघटनेच्या नावावर जमा होईल.

खरी अडचण थकलेल्या बिलांची आहे आणि सभासदांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा विषयही तोच आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देय होते. प्रत्यक्षात ऑर्डर जाईल या भीतीने हे व्याज मागायला सभासद धजावत नाहीत. म्हणून पुरवठादाराचे नाव उघड न करता संघटनेच्या वतीने खरेदीदाराशी बोलणे, आणि तेवढ्याने न भागल्यास अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करण्यास मदत करणे, असे काम आम्ही करतो.

ते मोजायचे तर बिल दिल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचे दिवस दर तिमाहीला नोंदवावेत, असे मनात आहे. दर वेळी वेगवेगळ्या लोकांनी माहिती दिली, तर केवळ त्यामुळेच आकडा हलेल. म्हणून सभासदांचा एक ठरलेला गट हवा. एखादे वर्षभर अडकलेले बिल सरासरी बिघडवते, त्यामुळे सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यावा. पण मध्यंतरी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ४३बी (एच) हे कलम आले. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म व लघु उद्योगांना मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळू लागली. मग दिवस कमी झाले, तर त्यातले कायद्यामुळे किती आणि आमच्या पाठपुराव्यामुळे किती, हे कसे ठरवायचे? तूर्त मला एवढेच प्रामाणिक वाटते की, जिथे पत्राची तारीख, बैठकीचे इतिवृत्त आणि पैसे जमा झाल्याची नोंद अशी कागदोपत्री साखळी आहे, तिथेच ‘संघटनेचा हातभार लागला’ असे लिहावे.

माहितीच्या गोपनीयतेचाही प्रश्न आहे. सभासद एकमेकांचे स्पर्धक आहेत आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कक्षेत उद्योगांच्या संघटनाही येतात. त्यामुळे दर किंवा कोटेशन यांबद्दल काहीही विचारायचे नाही, हे मी आधीच निश्चित केले आहे. बिलांची माहिती बाहेरच्या सनदी लेखापालांकडे थेट जावी आणि कार्यकारिणीला केवळ एकत्रित आकडे मिळावेत, अशी व्यवस्था कोणी केली आहे का? सभासदांनी त्यावर विश्वास ठेवला का, आणि लेखापालांच्या मानधनाचा भार लहान संघटनेने कसा उचलला?

आणखी एका गोष्टीवर मत हवे आहे. रस्ता, फीडर किंवा धोरण सुधारले की त्याचा लाभ वर्गणी न भरणाऱ्या शेजारच्या कारखान्यालाही मिळतो. असा लाभ अहवालात पूर्ण दाखवावा, असे मला वाटते; कारण संघटना संपूर्ण औद्योगिक क्षेत्रासाठी उभी आहे. कार्यकारिणीतील काही ज्येष्ठांचे म्हणणे मात्र असे आहे की, त्यामुळे ‘मग सभासद कशाला व्हायचे’ या प्रश्नाला आपणच बळ देतो. आपल्या संघटनेत सार्वजनिक लाभ आणि केवळ सभासदांना मिळणारी सेवा यांचे आकडे वेगळे मांडले होते का? असल्यास सर्वसाधारण सभेत त्यावर काय चर्चा झाली, हे सविस्तर कळवावे. अहवालाचा नमुना किंवा सभासदांसाठी केलेली प्रश्नावली, नावे काढून, इथे देता आली तर त्याचा आम्हाला फार उपयोग होईल.