डकोटा विमान अजून कामावर कसे? जुन्या विमानाचे आयुष्य नेमके कशावर ठरते?

प्रश्न : यंत्रजिज्ञासू, कोल्हापूर

डग्लस कंपनीच्या डीसी-३ या प्रवासी विमानाने १७ डिसेंबर १९३५ रोजी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे पहिले उड्डाण केले. आपल्याकडे ज्याला डकोटा म्हणतात, ती याच विमानाची लष्करी आवृत्ती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली त्यांपैकी काही विमाने आजही केवळ प्रदर्शनासाठी नव्हे, तर खऱ्याखुऱ्या कामासाठी उडतात, असे वाचून मी थक्क झालो. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणीसुद्धा १५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. वारंवार ताण पडला की धातूला थकवा येतो आणि त्याला तडे जातात, असे आम्ही महाविद्यालयात शिकलो. मग ८० वर्षे जुन्या पंखाला तो का येत नाही? शिवाय ४ ऑगस्ट २०१८ रोजी स्वित्झर्लंडच्या डोंगरांत १९३९ साली बांधलेले युंकर्स-५२ विमान कोसळून आतील सर्व २० जण मरण पावले. अशा विमानात बसणे कितपत सुरक्षित मानावे?

उत्तर : निवृत्त देखभाल अभियंता

थकवा डकोटालाही येतो. मात्र तो कशामुळे येतो, हे आधी पाहिले पाहिजे. आजच्या जेट विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला असल्यामुळे प्रत्येक उड्डाणात त्याचा सांगाडा किंचित फुगतो आणि उतरताना पुन्हा आकसतो. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे पुढच्या भागाचे छत हवेतच उखडले गेले. ते विमान अवघे १९ वर्षांचे होते, पण त्याची ८९,६८० उड्डाणे झाली होती. डकोटाच्या केबिनमध्ये दाब राखण्याची सोयच नाही, त्यामुळे त्याच्या अंगावर हा फुगण्या-आकसण्याचा ताण कधी पडलाच नाही. म्हणून जुन्या विमानाविषयी बोलताना मी वर्षांआधी उड्डाणांची संख्या आणि त्यांचा प्रकार विचारतो.

पंखाची गोष्ट अधिक रंजक आहे. विमान-रचनाकार जॅक नॉर्थ्रॉप यांच्या कल्पनेतून आलेल्या या रचनेत तीन स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळया, आणि त्यांच्या मध्ये जवळजवळ बसवलेल्या पट्ट्या असून, त्यांवर पत्रा रिव्हेटने जखडलेला असतो. त्यामुळे पंखाच्या आत अनेक कप्पे तयार होतात आणि भार एकाच ठिकाणी न साठता सर्वत्र वाटला जातो. त्यातच त्या काळी ताणाची गणिते आजच्याइतकी बारकाईने करता येत नसल्यामुळे अभियंत्यांनी बळकटी हात राखून नव्हे, तर सढळपणे दिली. तरीही बाहेरचा पंख मधल्या भागाला बोल्टच्या रांगेने जोडलेला असतो, तेथे तडे जाऊ शकतात आणि ते एक्स-रेसारख्या तपासण्यांनी शोधावे लागतात. माझ्या मते खरा शत्रू गंज. ओल साचणाऱ्या फरशीखालचा भाग उघडून पाहण्याचा कंटाळा केला, तर कोणतीही रचना विमानाला वाचवू शकत नाही.

इंजिने प्रत्येकी १४ सिलिंडरची आणि सुमारे १,२०० अश्वशक्तीची आहेत. ती ठरावीक तासांनंतर पूर्ण खोलून पुन्हा बांधतात, आणि एखादा सिलिंडर बिघडला तर संपूर्ण इंजिन न उतरवता तेवढाच बदलता येतो. अशी १०,००० हून अधिक विमाने बांधली गेल्यामुळे सुटे भागही दीर्घकाळ मिळत राहिले.

स्विस अपघाताच्या चौकशीत वैमानिकांनी डोंगराने वेढलेल्या खोऱ्यात अत्यंत धोकादायक पद्धतीने विमान नेल्याचे निष्पन्न झाले. विमानात गंज आणि देखभालीतील उणिवाही आढळल्या, परंतु त्या अपघाताचे कारण नव्हत्या. एक देखभाल अभियंता म्हणून मला हा दुसरा निष्कर्षच अधिक अस्वस्थ करतो, कारण तो गंज अपघाताआधी कोणाच्या तरी नजरेस पडायला हवा होता.

उत्तर : सोनेगावकर

या विमानाच्या दीर्घायुष्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे स्वस्ताई. युद्ध संपल्यावर लष्कराला नको असलेली डकोटा विमाने मोठ्या संख्येने विक्रीस निघाली आणि भारतातील कित्येक लहान विमान कंपन्या त्यांवरच उभ्या राहिल्या. आम्हा नागपूरकरांना तर त्यांचे विशेष अगत्य आहे. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि ती आपापल्या शहरी परतत. माझे वडील टपाल खात्यात होते. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोहोचते, याचा त्यांना वाटणारा अभिमान मी लहानपणी अनेकदा ऐकला आहे.

उत्तर : कॅलगरीहून

येथे कॅनडात यलोनाइफच्या बफेलो एअरवेजने अनेक वर्षे डीसी-३ विमानांनी ‘हे रिव्हर’ या गावापर्यंत नियमित प्रवासी सेवा चालवली. परंतु पिस्टन इंजिनाला लागणारे विमानाचे पेट्रोल दुर्गम भागात मिळणे अवघड आणि महाग होत गेले. या अडचणीवरचा उपाय अमेरिकेतील ऑशकॉश येथील बास्लर कंपनीने काढला. जुन्या डीसी-३ चा सांगाडा मजबूत करून, पंखापुढे सुमारे एक मीटरने लांबवून, त्यावर टर्बोप्रॉप इंजिने (टर्बाइनच्या जोरावर पंखा फिरवणारी) बसवली की बीटी-६७ तयार होते, आणि ते जेट इंधनावर चालते. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगनर संस्थेची ‘पोलर ५’ आणि ‘पोलर ६’ ही संशोधन विमाने याच प्रकारची आहेत. बर्फावर उतरण्यासाठी त्यांना स्की लावता येतात.

यंत्रजिज्ञासू, कोल्हापूर

मनापासून आभार. मात्र इंजिने नवी, पत्रा बदललेला, सांगाडाही लांबवलेला, असे असताना ते जुनेच विमान कसे म्हणावे?

निवृत्त देखभाल अभियंता

आमच्या व्यवसायात विमानाची ओळख कारखान्याने दिलेल्या क्रमांकाच्या पट्टीवर आणि लॉगबुकांवर ठरते. कोणता भाग केव्हा, कोणी आणि का बदलला, याची नोंद सलग असेल, तर ते तेच विमान. शेपटीवरचा आकडा हा मात्र निराळा विषय. भारतीय वायुसेनेने १९८८ साली डकोटा निवृत्त केले. पुढे ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेले एक डकोटा तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी वायुसेनेला भेट दिले आणि ते २०१८ साली ‘परशुराम’ या नावाने सेवेत आले. त्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. मूळ व्हीपी ९०५ हे २७ ऑक्टोबर १९४७ रोजी १ शीख पलटणीच्या जवानांना घेऊन श्रीनगरला गेलेले विमान. आजचे ‘परशुराम’ हे ते विमान नव्हे. त्या विमानाच्या स्मरणार्थ त्याने तो क्रमांक धारण केला आहे.

वायुसेनेच्या कार्यक्रमात ते जवळून पाहण्याची संधी मिळाली, तर इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला पंखावर पुढून मागे गेलेली एक अरुंद पट्टी शोधा. मी वर सांगितलेली बोल्टची रांग तिच्याच खाली आहे.