टाहोला पहिल्यांदा स्कीइंगला जाताना

कॅलिफोर्नियातल्या टाहो तळ्याकाठच्या डोंगरांत पहिल्यांदा स्कीइंगला जाणाऱ्यांना कुणी सुचवतं की सान होजेहून शनिवारी पहाटे निघावं आणि शिकवणीचे पैसे वाचवावेत. मला दोन्ही पटत नाही.

शुक्रवारी दुपारीच निघा. बर्फ पडत असेल तर आय-८० महामार्गावर डॉनर समिट या घाटमाथ्याच्या अलीकडे गाड्या अडवतात. 'आर-२' (टायरना साखळ्या लावायचा नियम) लागला की चारही चाकं ओढणारी आणि स्नो टायर असलेली गाडीच तेवढी साखळ्यांशिवाय सोडतात, आणि तिच्यातही साखळ्या असाव्याच लागतात. त्या घरीच एकदा लावून बघा. आम्ही बघितल्या नव्हत्या. रात्री रस्त्याकडेला चिखलबर्फात गुडघे टेकून मी आतला हुक चाचपडत होते, बोटं पार बधिर, नवरा टॉर्च धरून उभा आणि मागे मुलं रडकुंडीला आलेली.

शिकवणी मात्र घ्याच. बूट कसा आवळायचा इथपासून ते दाखवतात. मोजा एकच घाला, दोन घातले की पाय आत सरकतो. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. मग टाचा बाहेर ढकलून स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, वेग मरतो. लहानांना हे 'पिझ्झा' म्हणून शिकवतात. माझी सहा वर्षांची लेक दुपारपर्यंत एकटी उतरत आली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

तळंच सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे, डोंगर त्याहून वर. पाणी पीत राहा. ढग असले तरी सनस्क्रीन लावा, मुलांच्या हनुवटीखालीसुद्धा. बर्फावरून ऊन खालून येतं.