मदत हवी आहे: हॉलमधल्या साध्या टीव्हीसाठी छोटा, स्वस्त मीडिया प्लेअर कोणता घ्यावा?

हॉलमधला_टीव्ही

टीव्ही ४३ इंची, फुल एचडी, स्मार्ट नाही. एचडीएमआयच्या दोन खाचा आहेत, त्यातली एक सेट टॉप बॉक्सने अडवली आहे. सगळं धरून बजेट ८,००० रुपये.

काय चालवायचंय:
१) १ टीबीच्या २.५ इंची पोर्टेबल डिस्कवरच्या फाइली (डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या मांडणीची). निम्म्या एच.२६४ १०८०पी, निम्म्या १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायच्या दोन पद्धती).
२) घरच्या लग्न-मुंजीच्या कॅसेटवरून उतरवलेल्या एमपीईजी-२ फाइली, ७२० बाय ५७६.
३) दोन ओटीटी ॲप आणि यूट्यूब.

वापरणारे मुख्यतः आई-बाबा, त्यामुळे रिमोट एकच हवा, कीबोर्ड-माउस नको. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक), जुना ऑफिसचा मिनी पीसी, नाहीतर अँड्रॉइड बॉक्स, इथपर्यंत आलोय. राउटर टीव्हीखालीच आहे, त्याला यूएसबीची एक खाच आहे.

पाच_व्होल्ट

यादीतला तिसरा मुद्दा आधी सोडवा. बाकी दोन्ही कशावरही जमतात, तो जमत नाही.

ओटीटी ॲप चित्राचा दर्जा ठरवतात तो वाइडवाइनच्या, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या गूगलच्या कुलपाच्या, पातळीवरून. एल१ म्हणजे कुलूप उघडण्याचं काम चिपच्या सुरक्षित भागात होतं. एल३ म्हणजे ते नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, आणि अशा यंत्राला बहुतेक ॲप ४८०पीच्या वर चढू देत नाहीत. पायवर लिब्रेलेक ही प्रणाली आणि कोडी हा व्हिडिओ प्लेअर घातला की मिळतं ते एल३. ४३ इंचावर ४८०पी म्हणजे पाटीवरची अक्षरंही पुसट दिसतात. शिवाय कोडीतली ओटीटीची ॲडऑन ही त्या कंपन्यांची नव्हेत, आज चालतात आणि उद्या बंद पडतात. आई-बाबांच्या गळ्यात ते घालू नका.

म्हणून प्रमाणित गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घ्या. काडीसारखी स्टिक नको, यूएसबीची खाच असलेला बॉक्स हवा. पेनड्राइव्ह थेट लागतो आणि पुढेमागे लॅनचा अडॅप्टरही जोडता येतो. कोडी प्ले स्टोअरवरून त्याच्यावरच बसतं.

"८के, अल्ट्रा" छापलेले बेनाम बॉक्स कितीही स्वस्त मिळाले तरी नको. त्यांतले बरेचसे एल३ निघतात. आणि टी९५ नावाने विकल्या जाणाऱ्या अशाच बॉक्समध्ये कारखान्यातूनच मालवेअर आल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. घरच्या वायफायवर ते कायमचं बसून राहतं. बॉक्स हातात आला की 'डीआरएम इन्फो' हे ॲप टाकून सिक्युरिटी लेव्हल बघा. एल१ दिसलं नाही तर परत करायच्या मुदतीतच परत करा.

जुन्या_टेपा

ओटीटीबद्दल सहमत. पण दुसऱ्या मुद्द्यावर बॉक्स दगा देईल, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅसेटवरून उतरवलेलं चित्र इंटरलेस्ड असतं. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्रात दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या. ते तसंच दाखवलं तर हलणाऱ्या गोष्टीच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. लग्नाच्या टेपेत हे सगळ्यात जास्त कुठे खुपतं? अक्षता टाकणाऱ्या हातांवर आणि नऊवारीच्या काठावर. या ओळी उसवून पुन्हा सलग चित्रं करण्याचं काम (डीइंटरलेस) काही अँड्रॉइड बॉक्स नीट करतात, काही करतच नाहीत, आणि डब्यावर तसं लिहिलेलं नसतं.

पाय ४ वर एमपीईजी-२ साठी हार्डवेअर नाही, पण एवढ्या लहान चित्राला त्याचा प्रोसेसर सहज पुरतो आणि कोडीत डीइंटरलेस चालू करता येतं. केवळ टेपांसाठी घ्यायचं असतं तर मी डोळे मिटून पाय ४ सांगितला असता.

हॉलमधला_टीव्ही

मग दोन्ही घ्यावं लागेल का? ते बजेटबाहेर जातंय. आणि ओटीटी बाजूला ठेवलं तर पाय ५ की ४?

पाच_व्होल्ट

केवळ मीडियासाठी पाय ४, २ जीबी. जास्त रॅमने चित्र सुधारत नाही. पाय ५ चा प्रोसेसर बराच जोरदार आहे, पण त्यातून एच.२६४ चं हार्डवेअर काढून टाकलंय. १०८०पी तो नुसत्या प्रोसेसरवर ओढतो, अडत नाही, पण जादा पैशांचं चीज इथे होत नाही. १० बिट एचईव्हीसी दोघांतही हार्डवेअरवर चालतं. यूट्यूब वापरतं त्या व्हीपी९ आणि एव्ही१ पद्धतींचं हार्डवेअर मात्र दोघांतही नाही, त्यामुळे यूट्यूबसाठी दोन्ही अर्धवटच.

पायच्या तक्रारी येतात त्या बहुतेक विजेच्या. त्याला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. फोनचा चार्जर आणि बारीक वायर लावली, की डिस्क फिरायला लागताच व्होल्टेज ४.६३ च्या खाली जातं आणि पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह दिसतं. मग चित्र अडकतं, डिस्क गायब होते, आणि दोष कोडीला दिला जातो. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर हवा. ३ अँपिअरवर तो यूएसबीला सगळी मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो, आणि तेवढ्यात २.५ इंची डिस्क उठत नाही.

एचडीएमआयची वायर यूएसबी-सीच्या शेजारच्या खाचेत लावा. सीईसी, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने चालवणं, त्याच खाचेवर भरवशाने चालतं. टीव्हीतही ते चालू करावं लागतं. सॅमसंगमध्ये त्याचं नाव अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक.

कोकणकडा

मिनी पीसीचं कोणी बोललं नाही. ऑफिसांतून निघालेले डेलचे मायक्रो, लेनोव्होचे टायनी, एचपीचे मिनी चांगले टिकतात. पण इंटेलची पिढी बघूनच घ्या. सहाव्या पिढीत (उदाहरणार्थ आय३-६१००टी) एचईव्हीसीचं हार्डवेअर ८ बिटपुरतंच आहे, १० बिटला सातवी पिढी लागते (आय३-७१००टी). विकणारा दोन्ही एकाच भावाने दाखवतो आणि तुमच्या तर निम्म्या फाइली १० बिटच्या.

घेताना बायॉसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) पासवर्ड नाही ना, हे समोर चालू करून बघा. चार्जर मूळचाच मागा, कारण डेलला अडॅप्टर ओळखता आला नाही तर तो प्रोसेसरचा वेग उतरवतो. बायॉसमध्ये 'लाइट परत आल्यावर चालू हो' असा पर्याय असतो, तो लावून ठेवा.

तुमच्यासाठी अडचण रिमोटची आहे. या यंत्रांत सीईसी येत नाही, वेगळा यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागतो. नाहीतर डोंगलवाला एअर रिमोट, म्हणजे घरात आणखी एक रिमोट. आणि ओटीटी ब्राउझरमध्ये. आई-बाबांसाठी मला हे पटत नाही.

जुन्या_टेपा

दोन यंत्रं घेण्याची गरज नाही. टेपा एकदाच लॅपटॉपवर बदलून घ्या, मग कुठल्याही बॉक्सवर त्या सारख्याच दिसतील.

हँडब्रेक हा व्हिडिओ बदलण्याचा प्रोग्राम फुकट आहे. फाइल उघडा, फिल्टर्समध्ये डीइंटरलेसला बीडब्ल्यूडिफ आणि त्याचा प्रीसेट बॉब. व्हिडिओत एच.२६४, फ्रेमरेट ५० आणि कॉन्स्टंट, दर्जा आरएफ १८. इथे बॉब महत्त्वाचा. साध्या प्रीसेटने २५ चित्रं राहतात आणि टेपेतली ती मूळची मऊ हालचाल निघून जाते. बॉबने दोन्ही क्षण वेगळे होऊन ५० चित्रं मिळतात. डायमेन्शन्समध्ये अ‍ॅनामॉर्फिक ऑटोमॅटिक ठेवा, नाहीतर ४:३ चं प्रमाण चुकून चेहऱ्यांचा आकार बिघडू शकतो. आधी नाच किंवा वरातीचा दोन मिनिटांचा तुकडा करून टीव्हीवर तपासा, मगच सगळ्या फाइली रांगेत लावा.

मूळ एमपीईजी-२ फाइली मात्र पुसू नका. कॅसेटवरची बुरशी आणि झिजलेली फीत पाहता त्या पुन्हा उतरवता येतील याचा भरवसा नाही.

पाच_व्होल्ट

हे उत्तम. मग बॉक्स एकच. डिस्क राउटरला लावा, म्हणजे एनटीएफएस बॉक्सला वाचता येतं की नाही हा प्रश्न उरत नाही. फॅट३२ करायला जाऊ नका, ४ जीबीवरची फाइल त्यात मावत नाही. राउटरची खाच यूएसबी २ असेल तर ती ५०० मिलिअँपिअरच देते. डिस्क टक-टक करत राहिली तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मध्ये घाला. कोडीला राउटर दिसला नाही तर सेटिंगमध्ये सर्व्हिसेस, एसएमबी क्लायंट, किमान आवृत्ती १ करून बघा, जुने राउटर तेवढंच बोलतात. बॉक्स ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा.

हॉलमधला_टीव्ही

ठरलं, यूएसबी खाचेचा प्रमाणित बॉक्स घेतो. टेपांचा तुकडा आज रात्रीच लावतो. एक शेवटचं: मराठी सबटायटलच्या जागी चौकोन येतात, लॅपटॉपवरच्या कोडीतही.

कोकणकडा

चौकोन म्हणजे त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरीची टीटीएफ फाइल कोडीच्या मीडिया फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये टाका आणि सेटिंग, प्लेअर, सबटायटल्स, फॉन्ट इथे निवडा. कोडी २० किंवा त्यापुढचं असू द्या, जुन्यात वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. चौकोनांऐवजी à¤ असला कचरा दिसला तर फॉन्ट बदलून उपयोग नाही, फाइलचं एन्कोडिंग चुकलंय. एसआरटी (सबटायटलची फाइल) नोटपॅडमध्ये उघडा. तिथे मराठी नीट दिसलं तर 'सेव्ह ॲज'मध्ये 'यूटीएफ-८ विथ बीओएम' निवडून जतन करा. तिथेही कचराच असेल तर फाइल आधीच बिघडलेली आहे, दुसरी शोधा.