मदत हवी आहे: एलपीएस न घातलेल्या वारेच्या तुकड्यांतही आयएल-६ भरमसाट

अधीर_पिपेट
वारेच्या तुकड्यांचं कल्चर लावतेय. कंट्रोल (एलपीएसशिवाय) आणि एलपीएस (जंतूंच्या आवरणातलं, दाह पेटवणारं विष; १ मायक्रोग्रॅम प्रति मिली), २४ तास, मग वरच्या द्रवात आयएल-६ ची (दाहाचा एक रेणू) एलायझा, म्हणजे रंगावरून मोजायची चाचणी. दोन्हींत आकडा जवळपास सारखाच! इंडोमेथासिन (दाह कमी करणारं औषध) घातलं तरी ढिम्म फरक नाही. किटचा लॉट बदलून झाला, एलपीएसची नवी बाटली आणून झाली. बाकी सगळं प्रोटोकॉलप्रमाणे. सोमवारी गाइडना आलेख दाखवायचाय. कृपया नेमकं सांगा, 'आधी बेसिक वाचा' नको.

नाळेवाला
कुठला प्रोटोकॉल? वार सिझरची की नॉर्मलची? बाहेर आल्यापासून तुकडे करेपर्यंत किती वेळ? तुकडा किती मिलिग्रॅमचा? माध्यमात सीरम आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग नेमकं कसं सांगणार?

अधीर_पिपेट
सिझरच्याच. तुकडे साधारण सारखे, नजरेनं. सीरम नाही. बाकी नेहमीसारखंच.

साखळीतली_कडी
पीबीएस (ऊती धुवायचं क्षारांचं द्रावण) लॅबमध्येच बनवता ना? मग दोष त्यातच, पैजेवर सांगते. शुद्ध पाण्याच्या टाकीत ग्राम-निगेटिव्ह जंतूंचा थर धरतो आणि त्यांचं एंडोटॉक्सिन (म्हणजे एलपीएसच) ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांना जात नाही. जंतू मरतात, विष राहतं. काचेची भांडी २५० अंशांना किमान ३० मिनिटं कोरडी भाजा, पीबीएस आणि माध्यम एंडोटॉक्सिन-मुक्त विकत घ्या. तोवर एका वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) एंडोटॉक्सिनला धरून निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली घाला. कंट्रोल खाली आला तर चोर सापडला.

ओडी_साडेतीन
पैजा नंतर लावा. ताई, प्लेटवरचा ओडी (रंगाच्या गडदपणाचा आकडा) किती आला? आणि नमुना किती पट पातळ केला?

अधीर_पिपेट
ओडी ३.७-३.८. पातळ केला नाही, किटच्या पत्रकात सीरम थेट घाला म्हटलंय.

ओडी_साडेतीन
मग दोन्ही आकडे सारखे येणारच. सगळे वेल प्रमाणरेषेच्या (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेल्या रेषेच्या) वर गेलेत, सॉफ्टवेअर नुसतं ताणून आकडा छापतंय. तुमच्या किटची रेषा पिकोग्रॅममध्ये संपते आणि वारेचे तुकडे २४ तासांत नॅनोग्रॅममध्ये आयएल-६ सोडतात. द्रव उणे ८० ला ठेवलाय ना? १:२०, १:१००, १:५०० असा पातळ करून सगळे एकाच नव्या प्लेटवर लावा. दोन शेजारच्या पायऱ्यांवरून काढलेला मूळ आकडा जुळला की तीच पायरी धरा. पातळ करायला किटचंच डायल्युएंट. आणि तीच नळी पुन:पुन्हा वितळवू नका, छोटे भाग करून ठेवा.

साखळीतली_कडी
पातळ केल्यानं दूषित पीबीएस शुद्ध होतो का?

ओडी_साडेतीन
नाही. पण आधी मोजता तर येऊ दे, आरोप मग करू.

सल्लागार_काका
ताई, गरोदरपणात इंडोमेथासिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. २० आठवड्यांनंतर अशा गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, अमेरिकेच्या एफडीएनं २०२० मध्ये तसा इशारा दिलाय. शेवटच्या तिमाहीत बाळाची डक्टस धमनी (हृदयाजवळची रक्तवाहिनी) वेळेआधी बंद होण्याचीही भीती. दुखण्याला आधी पॅरासिटामॉल. प्रीएक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार) धोका असेल तर १६ आठवड्यांच्या आत सुरू करून रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, २०१७ च्या अ‍ॅस्प्रे चाचणीत वापरलं ते.

नाळेवाला
काका, माहिती बरोबर आहे, पण धागाकर्ती औषध घेत नाहीये, प्लेटमध्ये घालतेय.

नाळेवाला
आता सिझरबद्दल. नियोजित, कळा न आलेलं सिझर वेगळं आणि दहा तास कळा देऊन मग केलेलं वेगळं. कळांमध्येच वारेत दाहाचे रेणू वाढतात, पाणी जाऊन वेळ गेला असेल तर आणखी. दोन्ही एका गटात टाकू नका. बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) दिलंय का तेही केसपेपरवर बघा, त्यानं उलट आकडे दबतात.

तुकडे करताना: वार बर्फावर आणा, अर्ध्या तासात कामाला लागा. आईकडचा आणि बाळाकडचा पापुद्रा काढून मधला झुबकेदार भाग घ्या, चार-पाच ठिकाणांहून. पांढरट, कडक गाठी टाकून द्या. कात्रीनं चेचू नका, धारदार ब्लेड वापरा. थंड पीबीएसमध्ये गुलाबी छटा जाईपर्यंत धुवा, गुठळी राहिली तर तिच्यातल्या पांढऱ्या पेशीच आयएल-६ सोडत बसतात. निथळून वजन करा, वेलला एक मिली माध्यमात ५०-६० मिलिग्रॅम. नजरेनं घेतलेल्या तुकड्यांत वजनाचा फरक सहज दुप्पट निघतो. कापाकापीचा धक्काही असतो, म्हणून पहिल्या एक-दोन तासांचं माध्यम फेकून नवीन घाला आणि मगच एलपीएस. सोबत एलडीएच (मरणाऱ्या पेशींतून गळणारं विकर) मोजा, ऊती मरतेय का कळेल.

प्रोस्टा_ग
इंडोमेथासिनचा प्रश्न सगळ्यांनीच सोडून दिला. ते सायक्लोऑक्सिजनेज हे विकर अडवतं, म्हणजे त्यातून बनणारं पीजीई२ (एक प्रोस्टाग्लँडिन) कमी होणार. आयएल-६ चा मुख्य रस्ता एनएफ-कप्पा-बीचा (दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन), तो त्यानं बंद होत नाही. उलट पीजीई२ टीएनएफला (दाहाचा आणखी एक रेणू) दाबून ठेवतं, ते काढून घेतल्यावर टीएनएफ वाढूही शकतो. तुम्ही चुकीच्या रेणूकडे डोळे लावून बसलाय. त्याच द्रवात पीजीई२ मोजा. ती एलायझा बहुधा स्पर्धात्मक असते, रंग कमी म्हणजे पीजीई२ जास्त, नाहीतर आलेख उलटा वाचाल. औषध पाण्यात नीट विरघळत नाही: डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर साठा करा, हजारपट पातळ केला की १० मायक्रोमोलर औषध आणि ०.१ टक्का डीएमएसओ. तेवढंच डीएमएसओ कंट्रोललाही. आयएल-६ खाली आलेलाच बघायचा असेल तर डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलरचा वेल लावा.

अधीर_पिपेट
१:१०० ला आकडे रेषेत आले. एलपीएसचा कंट्रोलच्या वर गेलाय, पण कंट्रोलही कमी नाही. काल पॉलिमिक्सिनचे वेलही लावले होते, त्यांनी कंट्रोल हलला नाही. म्हणजे पीबीएस निर्दोष?

साखळीतली_कडी
पॉलिमिक्सिन आणि एलपीएस दोन्ही घातलेला वेल लावला होता का? त्यात आकडा पडला तरच पॉलिमिक्सिन काम करतंय म्हणता येईल. शिवाय ते फक्त एंडोटॉक्सिनला धरतं, जंतूंच्या इतर तुकड्यांना नाही. पीबीएसची एलएएल (LAL) चाचणी करून घ्या, ती एंडोटॉक्सिन दाखवते; पण सेल्युलोजच्या फिल्टरमधून गाळू नका, त्यातून सुटणाऱ्या ग्लुकनमुळे (साखरेची साखळी) खोटी पॉझिटिव्ह येते.

ओडिशाकर
अवांतर: ती चाचणी नालखुरी खेकड्याच्या निळ्या रक्तावर चालते. तसे खेकडे आपल्या चांदीपूरच्या किनाऱ्यावरही आहेत. आता रीकॉम्बिनंट फॅक्टर सी (त्या रक्तातलंच प्रथिन, पण प्रयोगशाळेत बनवलेलं) मिळतं, खेकड्याला हात न लावता आणि ग्लुकनचाही त्रास नाही.

अधीर_पिपेट
तो वेल नव्हता. आज लावते, वजन करून आणि पहिलं माध्यम फेकून. रीकॉम्बिनंटचं किट पुण्यात कोणाकडे उघडलेलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दोनच नमुने आहेत.