शुक्राणूंचा काउंट नॉर्मल, तरी बायकोला दिवस राहत नाहीयेत, अ‍ॅक्रोसिन टेस्ट करू का?

घोडबंदरकर:
दोन वर्षं ट्राय करतोय. बायकोच्या टेस्ट नॉर्मल, ट्यूब पण ओपन. माझा काउंट 38 मिलियन, मोटिलिटी (हालचाल करणारे) 50 टक्के, लॅबवाला म्हणाला एकदम ओके. आता नवीन डॉक्टर म्हणतात शुक्राणूतलं एन्झाइम कमी असेल, अ‍ॅक्रोसिन टेस्ट करा. हे काय असतं आणि त्यात पैसे घालायचे का? आई अजून सुनेलाच उपास सांगतेय, ते वेगळंच.

ऐरोलीची लॅबवाली:
दादा, शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी पिशवी असते, अ‍ॅक्रोसोम. त्यात अ‍ॅक्रोसिन, हायलुरोनिडेज अशी एन्झाइम्स असतात, बीजांडाजवळ टोपी फुटते आणि ती आवरणातून वाट काढायला मदत करतात. आपल्या नेहमीच्या रिपोर्टात किती आहेत, कसे पळतात, दिसतात कसे एवढंच कळतं, टोपीत माल आहे का ते नाही. आणि डब्ल्यूएचओचे 2021 चे आकडे, काउंट 16 मिलियन आणि मोटिलिटी 42 टक्के, ही मूल झालेल्या पुरुषांमधली तळाच्या 5 टक्क्यांची रेघ आहे, वर असलात म्हणजे गॅरंटी नाही.

वाशी सेक्टर १७:
हो पण अ‍ॅक्रोसिनवर एवढं पण नका जाऊ. 1994 मध्ये जपानी संशोधकांनी अ‍ॅक्रोसिनचं जीनच काढलेले उंदीर केले, त्यांना आरामात पिल्लं झाली! मग हॅमस्टरमध्ये तेच केलं तर शुक्राणू आवरणातच अडकले. प्राण्यागणिक वेगळं. टेस्ट करायच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा, कमी आलं तर ट्रीटमेंट बदलणार का? कारण इक्सीमध्ये शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडतात, तिथे आवरण फोडायचा प्रश्नच उरत नाही. इक्सीच ठरलेली असेल तर टेस्टचे पैसे वाचवा.

घोडबंदरकर:
इक्सी नाही ठरली अजून, आधी आययूआय म्हणतायत, शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडतात ते.

ऐरोलीची लॅबवाली:
आययूआयमध्ये बीजांडात शुक्राणूलाच आपलं आपण शिरायचं असतं, मग विचारण्यात अर्थ आहे. सॅम्पल कुठे दिलेलं?

घोडबंदरकर:
घरून नेलं, मानपाड्याला पाऊण तास अडकलो 😅

ऐरोलीची लॅबवाली:
अहो! तासाच्या आत पोचायला हवं, अंगाजवळ धरून, थंडगार एसीत नाही. पुढचं लॅबमध्येच द्या, आधी 2 ते 7 दिवस वीर्यस्खलनाचा गॅप ठेवून. सिगरेट असेल तर आजच बंद, शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, आज सोडलीत तर फरक तेव्हा दिसेल.

घोडबंदरकर:
सिगरेट आहे. आईला कसं सांगू की उपास मला पाहिजेत 🙈